पिवळ्या दाखल्याची फिर्याद

हसू नका मित्रांनो, मी एक जुना, पिवळा आणि सध्या फार चिडलेला दाखला आहे. कागदाला कसला आलाय राग, असे तुम्ही म्हणाल. आधी माझी हकीकत ऐका आणि मग बोला.

पिवळा ताप नावाचा एक आजार असतो. तो डासांमुळे होतो आणि बळावला तर धडधाकट माणूसही आठवड्याभरात जातो. पश्चिम आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत तो अजून आहे. म्हणून तिकडे जाण्याआधी लस टोचून घ्यावी लागते, टोचल्यावर दहा दिवस थांबावे लागते आणि टोचल्याचा पुरावा जवळ बाळगावा लागतो. तो पुरावा म्हणजे मी.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. जाड पिवळा कागद कापला, दोन घड्या घातल्या आणि माझ्यासारख्या पाचशे भावंडांना दोरीने करकचून बांधले. आमच्या प्रत्येकाच्या पाठीवर बारीक अक्षरांत एक ओळ छापली होती : 'हा दाखला दहा वर्षे ग्राह्य राहील.' तेव्हा तसाच नियम होता. त्या ओळीत काही खोट आहे असे आम्हाला कशाला वाटेल?

मी ज्यांचा झालो त्या एका रुग्णालयात परिचारिका होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत, तर मीही तेच म्हणतो. बारा वर्षांपूर्वी त्या पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशात, बाळंतपणाच्या दवाखान्यात दोन वर्षे काम करायला निघाल्या होत्या. लस टोचून घेतानाही त्यांच्यातली परिचारिका गप्प बसली नाही. "अगं, सुई जरा तिरकी धर," असे त्यांनी टोचणाऱ्या मुलीलाच शिकवले. मग माझ्यावर त्यांचे नाव, तारीख, लसीचा क्रमांक आणि डॉक्टरांची सही आली, वर गोल शिक्का बसला. शिक्क्याची शाई ओली असताना सिस्टरांनी माझ्यावर फुंकर घातली ती मला अजून आठवते.

ती दोन वर्षे माझ्या ऐटीची होती. त्या देशात उतरले की पासपोर्टाच्या आधी मला विचारत. माझ्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नसे. पासपोर्ट सोनेरी अक्षरांचा खरा, पण तिथे त्याला माझ्यामागे रांगेत उभे राहावे लागे. इकडे दवाखान्यात सिस्टर रोज कुणा ना कुणा बाळंतिणीची सुटका करत होत्या. दोन वर्षांत किती बाळांना त्यांनी पहिल्यांदा हातात घेतले, याची त्यांना स्वतःलाही मोजदाद नव्हती.

मग आम्ही परत आलो आणि मी लोखंडी कपाटाच्या खणात पडलो. वर रक्तदाबाची फाइल, खाली घराची कागदपत्रे. पासपोर्ट जुना झाला तसा त्याच्या जागी नवा आला. मला मात्र कुणी हात लावला नाही. त्याचे दुःख मी मानले नाही, कारण सिस्टरांनी मला प्लॅस्टिकच्या पाकिटात नीट ठेवले होते.

या वर्षी कपाट उघडले ते सिस्टरांच्या धाकट्या लेकीसाठी. तिचा नवरा त्याच देशातल्या एका बंदरात जहाजांची इंजिने दुरुस्त करतो. धाकटीला पहिल्यांदा दिवस गेले होते, आठवा महिना लागला होता आणि रक्तदाब वर जात होता. तिने फोन केला.

"आई, तू ये. डॉक्टर चांगले आहेत, सगळं आहे. पण तू ये."

"येते गं. तुला कळा लागायच्या आधी मी तिथे उभी असेन," सिस्टर म्हणाल्या.

मित्रांनो, हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे रामायण त्यासाठी घडले.

त्या देशाचा व्हिसा काढायला काय काय लागते याची यादी लांबलचक असते. निदान सहा महिने चालेल असा पासपोर्ट आणि त्यात दोन कोरी पाने. पांढऱ्या पडद्यापुढचे फोटो. जावयाचे बोलावण्याचे पत्र आणि तिथे राहण्याच्या त्याच्या परवान्याची प्रत. येण्याजाण्याचे तिकीट. बँकेचा कागद. आणि मी. सिस्टरांनी चार दिवसांत सगळे असे मांडले की जणू शस्त्रक्रियेचा ट्रे लावत आहेत. फोटोत जरा हसल्या आणि हसरा फोटो चालत नाही असे कळले, तेव्हा पुन्हा जाऊन गंभीर चेहऱ्याचा काढून आल्या.

वकिलातीने अर्ज घेण्याचे काम एका कार्यालयाला दिलेले आहे. तिथे काचेची खिडकी, खिडकीआड एक चष्मेवाला आणि काचेवर चिकटपट्टीने लावलेली एक यादी. यादीची कडा उन्हाने तपकिरी झाली होती. चष्मेवाल्याने सगळे कागद पाहिले, मला उघडले, उलटे केले आणि पाठीवरच्या ओळीवर बोट ठेवले.

"बारा वर्षं झालीत, मॅडम. दहाचीच मुदत असते. हा संपलाय."

"अहो, तो नियम बदलला. आता एकदा टोचलं की आयुष्यभर चालतं. जुना दाखलाही चालतो," सिस्टर म्हणाल्या.

"इथे छापलंय ना दहा? आणि आमच्या यादीतही 'दहा वर्षांच्या आतील' असंच आहे. नवा घेऊन या."

संपलाय! मित्रांनो, माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मला तळपाय नाहीत ही गोष्ट वेगळी. सिस्टर म्हणत होत्या ते अक्षरशः खरे होते. जगभराच्या आरोग्याचे नियम ठरवणाऱ्यांनी कित्येक वर्षांपूर्वीच ही दहा वर्षांची अट काढून टाकली. माझ्या पाठीवर काय छापले आहे याला आता काडीचीही किंमत नाही. पण काचेवरची यादी बदलायला कुणाचा हात उठला नव्हता, आणि यादीपलीकडे बघायची चष्मेवाल्याला गरज वाटत नव्हती.

सिस्टर लसीच्या केंद्रावर गेल्या. ते आठवड्यातून दोनच दिवस उघडते, म्हणून तीन दिवस वाया गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला पाहिले आणि हसून परत दिले.

"हा तर चांगला आहे की! तुम्हाला पुन्हा टोचायची गरज नाही. शिवाय साठी उलटल्यावर ही लस उगाच टोचू नये, ते तुम्हाला मी काय सांगू?"

"मलाही कळतंय हो. पण त्यांना नवाच हवाय."

"टोचल्याशिवाय नवा दाखला मी देणार नाही, आणि गरज नसताना टोचणार नाही. मी तुम्हाला पत्र देते."

पत्र दिले, सही केली, शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्याने ते वाचलेही नाही. "यादीत पत्र नाही, मॅडम," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

आता सांगा, याला काय म्हणायचे? एक म्हणतो नवा आण, दुसरी म्हणते नव्याची गरज नाही, आणि दोघांच्या मध्ये एक आई खेटे घालते आहे. सिस्टरांनी त्या खिडकीला पाच फेऱ्या मारल्या. धाकटीचा फोन रोज यायचा आणि सिस्टर रोज म्हणायच्या, "होतंय गं, होतंय."

पाचव्या फेरीला सिस्टरांचा थोरला मुलगा बरोबर होता. कार्यालयासमोर झेरॉक्सचे दुकान आहे. दुकानदाराने दोघांचे पडलेले चेहरे ओळखले. असे चेहरे तो रोजच पाहत असावा.

"पिवळ्या कार्डाचं ना? सकाळी नाव द्या, संध्याकाळी घेऊन जा. टोचायची भानगड नाही. तारीख मागची घालतो, म्हणजे दहा दिवसांचाही प्रश्न नाही. खिडकीतून आजवर एकही परत आलं नाही."

त्याने नमुना दाखवला. कोरा करकरीत, पिवळाधमक. सही खोटी, शिक्का खोटा, लसीचा क्रमांक मनाने लिहिलेला. मी, ज्याच्यावरचे अक्षर न् अक्षर खरे, तो खिडकीतून पाच वेळा हाकलला गेलो, आणि हा भामटा म्हणे एकदाही परत आला नाही! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

थोरला म्हणाला, "आई, घेऊन टाक. तू टोचून घेतलेलं आहेसच. मग खोटं काय आहे त्यात? फक्त तारीख."

"तारीख खोटी, सही खोटी, आणि म्हणे फक्त!"

"तिकडे ती एकटी आहे, आई."

 सिस्टरांचे मन किती ओढले जात होते ते मला कळत होते, कारण मी त्यांच्या मुठीत होतो आणि मूठ आवळत चालली होती. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आफ्रिकेत आमच्या शेजारच्या तापाच्या वॉर्डात एक ट्रकवाला आला होता. शेजारच्या देशातला. डोळे हळदीसारखे झालेले. खिशात असंच विकत घेतलेलं कार्ड होतं. सहाव्या दिवशी गेला. त्याच्या बायकोला सांगायचं काम माझ्याकडे होतं. या माणसाकडून मी घेतलं, तर त्याच्या धंद्याला माझाही हात लागला. नाही जमायचं मला."

थोरला चिडला, पण ऐकले. त्याच संध्याकाळी त्याने थेट वकिलातीला पत्र लिहिले आणि माझा व डॉक्टरीणबाईंच्या पत्राचा फोटो जोडला. नवव्या दिवशी उत्तर आले. एकच ओळ : दाखला ग्राह्य आहे, अर्ज स्वीकारावा. चष्मेवाल्याने ती ओळ वाचली, मला घेतले आणि म्हणाला, "मग हे आधीच आणायचं ना, मॅडम!"

ना दिलगिरी, ना लाज. सिस्टरांनी त्याच्याकडे फक्त पाहिले. चाळीस वर्षे त्या नजरेने वॉर्डातले आरडाओरडा करणारे नातेवाईक गप्प झाले होते, पण काचेवर तिचा परिणाम होत नसावा.

व्हिसा हातात आला त्या दिवशी सिस्टर बॅग भरत होत्या. जावयाचा फोन आला. धाकटीला वेळेआधीच कळा सुरू झाल्या होत्या. दोन दिवस फार अवघड गेले होते, शेवटी पोट उघडावे लागले होते. मुलगी झाली होती. दोघी वाचल्या होत्या. सिस्टर "बरं, बरं" म्हणाल्या, फोन ठेवला आणि भरलेले कपडे बॅगेतून काढून पुन्हा पहिल्यापासून घड्या घालू लागल्या.

आम्ही पोचलो तेव्हा बाळ चार दिवसांचे होते. विमानतळावर आधी आरोग्याचे टेबल लागले, माझ्या ऐटीच्या दिवसांत लागायचे तसेच. तिथे एक पोक्त अधिकारी बाई बसल्या होत्या. त्यांनी मला उघडले, नाव पाहिले, लसीची तारीख पाहिली. पाठीवरच्या ओळीकडे ढुंकूनही पाहिले नाही. मला मिटून परत दिले आणि हाताने वाट दाखवली.

सिस्टर जागच्या हलल्या नाहीत.

"जा ना, झालं तुमचं," त्या बाई म्हणाल्या.

"एवढंच?" सिस्टरांनी विचारले.

"एवढंच. का, काही अडचण आहे?"

सिस्टरांनी मान हलवली आणि पुढे चालू लागल्या. ज्या देशात जायचे होते त्या देशाला माझ्याबद्दल कधी शंकाच नव्हती. मला संपवले होते ते घराजवळच्या एका तपकिरी कागदाने.

धाकटी पलंगावर होती, चेहरा उतरलेला. तिने आईच्या हातात बाळ दिले. ती रागावली नाही, आणि तेच सिस्टरांना जास्त लागले असावे.

"आई, तू किती जणींजवळ उभी राहिलीस गं. माझ्याजवळची नर्सही चांगली होती. पण परकी होती. दोन दिवस मी दाराकडेच बघत होते."

 सिस्टर त्या यादीबद्दल बोलल्या नाहीत, खिडकीबद्दल नाही, झेरॉक्सवाल्याबद्दल तर नाहीच. नुसत्या लेकीच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. मला त्या वेळी तोंड हवे होते. तुझ्या आईची चूक नाही, असे मी ओरडून सांगितले असते.

मित्रांनो, शाळेच्या निबंधांत बोलणारी माझी कागदी भावंडे शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा, फाडू नका, भिजवू नका. माझी तशी काही तक्रार नाही. मला सिस्टरांनी फुलासारखे जपले आणि तरी काही उपयोग झाला नाही. माझी विनवणी वेगळी आहे. तुमच्यापैकी कुणीतरी मोठेपणी काचेच्या आतल्या बाजूला बसेल. समोर कुणी जुना कागद धरून नियम बदललाय म्हणाले, तर हसू नका, पुढच्याला हाक मारू नका. उठा आणि नियम पुन्हा एकदा वाचा. त्याला पाच मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात तुमचे काही जात नाही, पण दूर कुठेतरी कुणाची तरी लेक दाराकडे बघत पडलेली असते.