डावा, माप सहा

विषय : डावा बूट, नग एक, माप सहा, मूळ पायाकडे परत मिळण्याबाबत.
संदर्भ : १) कु. मैत्री रत्नपाल तांबे यांचा अर्ज, दि. ३ फेब्रुवारी. २) त्यांचीच दोन स्मरणपत्रे. ३) त्यांचा डावा पाय.

वरील विषयातला बूट मीच. मीच बोलतोय. भाषा थोडी कार्यालयीन वाटेल, त्याबद्दल क्षमस्व. पाच आठवडे स्टीलच्या कपाटात जुन्या फायलींच्या शेजारी काढले की बुटाला वास लागायच्या आधी भाषा लागते.

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. आई-वडील आठवत नाहीत, साचा आठवतो. तळात जाड फोम भरला, टाचेखाली जास्त, चवड्याखाली कमी. आमच्यातल्या एकाला यंत्राखाली लाखभर वेळा आपटून पाहिलं. तो टिकला म्हणून आम्ही सगळेच टिकाऊ ठरलो. माणसांतही घराण्यातला एक जण परीक्षा पास होतो आणि बाकीचे त्यावर मिरवतात, असं पुढे ऐकण्यात आलं.

तिथून मुंबईला हितेशभाईंच्या दुकानात आलो. गेटवेपासून चालत अर्ध्या तासावर, बोळात. हितेशभाई गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे फारसं बघत नसत. आधी पाय, मग जुने बूट, आणि वेळ उरला तर चेहरा.

फेब्रुवारीच्या दोन तारखेला दुपारी चारला मैत्री आली. वय बावीस, गाव किहीमच्या मागे. वनरक्षकाच्या भरतीत नाव लागलं होतं. वीस तारखेला तीन किलोमीटर धावायचं, आणि त्यात जे टिकतील त्यांनी पुढे सोळा किलोमीटर चालायचं. जन्मभर किहीमच्या वाळूत अनवाणी पळालेली पोर. पण चाचणी डांबरी रस्त्यावर होती, आणि भावाचे कॅनव्हासचे बूट घालून डांबरावर पळालं की तिच्या नडग्या ठणकायच्या. ही भरती गेली तर पुढची कधी निघेल याचा नेम नाही, असं घरात सगळ्यांना वाटत होतं. तिला सोडून कोणी ते बोलून दाखवत नव्हतं.

सोबत आत्या होती, चंदाबाई.

"येक नंबर मोटा द्या," चंदाबाई टेकायच्या आधीच म्हणाली. "पोरीचा पाय वाढंल."

"आत्या, मी बावीस वर्षांची आहे."

"मंग? पुढं कापूस घालायचा. मी लग्नातल्या चपला धा वर्सं कापूस घालून वापरल्या."

"मावशी," हितेशभाई म्हणाले, "कापूस पळत नाही. पाय पळतो." त्यांनी मैत्रीने घालून आणलेले भावाचे बूट उलटे केले. दोन्ही टाचा बाहेरच्या अंगाने झिजलेल्या. "बेन, जरा पळून दाखव ने. आधी उघड्या पायाने, मग हे घालून."

"हितं? रस्त्यावर?" चंदाबाईने पदर सावरला, जणू तिलाच पळायचं होतं. "लोकं काय म्हनतील, चोरी करून पळाली!"

मैत्री बोळाच्या टोकापर्यंत दोनदा पळाली. हितेशभाई पायरीवर बसून नुसते पाय बघत होते.

"अनवाणी आहेस तर चवड्यावर पडतेस. मस्त. बूट घातला की टाच आधी आपटते. आणि ह्या बुटात टाचेला आहे काय? पुठ्ठा. धक्का सीधा नडगीत. टाचेखाली गादी पाहिजे, पण गाळात रुतल्यासारखी नको. आणि बरं झालं दुपारी आलीस. सकाळी पाय खोटं बोलतो. दिवसभर चालून फुगला की खरं माप देतो."

खरं माप घेतलं तेव्हा उजवा पाय पाच नंबरचा निघाला आणि डावा सहाचा.

"ल्हानपनी जात्याची तळी पडली त्याच्यावर," चंदाबाईने खुलासा केला. "तवा सुजला तो सुजलाच ऱ्हायला."

"दर माणसाचा एक पाय थोडा मोठा असतो," हितेशभाई म्हणाले. "हिचा जरा दिलदारीनेच."

पाचाच्या जोडीत डावा अंगठा टोकाला टेकत होता. सहाच्या जोडीत उजवी टाच निसटत होती. हितेशभाई बराच वेळ दोन्ही डबे मांडीवर घेऊन बसले. मग त्यांनी दुकानदाराने कधी करू नये ते केलं. दोन जोड्या फोडल्या. पाचातला उजवा काढला, सहातला डावा काढला. तो डावा म्हणजे मी. पावतीवर त्यांनी दोन्ही मापं स्वच्छ अक्षरात लिहिली आणि पावती डब्यात टाकली.

"उरलेल्या दोघांचं काय करणार?" मैत्रीने विचारलं.

"राहू दे. कोणी उलट्या पायाची येईल."

ती अजून आली नसावी. माझा जन्माचा जोडीदार, उजवा सहा, अजून त्या फळीवर तिची वाट बघत असेल. मला पाच नंबरचा उजवा मिळाला. ठरवून केलेली जोडी, पण जमली. मैत्रीने मोजे चढवले, नाड्या आवळल्या. अंगठ्यापुढे बोटभर जागा उरली, टाच खोबणीत बसली. ती बोळात पळाली. टोकापर्यंत आणि परत, साठ पावलं. त्यातली तीस माझी. माझं सार्वजनिक जीवन एवढंच.

"कसं वाटतं?" हितेशभाईंनी विचारलं.

"काहीच वाटत नाही," ती म्हणाली. ते हसले. चांगल्या बुटाला याहून मोठं प्रशस्तिपत्र नसतं.

परतीच्या लाँचला वाऱ्यामुळे डोल होता. चंदाबाईने मुंबईत खाल्लेलं सगळं समुद्राला परत केलं. मांडव्याला लाँच लागली तेव्हा मैत्रीचा एक हात आत्याच्या कमरेत, दुसरा कठड्यावर. आम्ही बाकाखाली डब्यात. दोघी उतरल्या. आम्ही उतरलो नाही.

खलाशाने डबा उचलून लाँच कंपनीच्या जेट्टीवरच्या कार्यालयात दिला. सागरतारा लाँच सेवा, हरवलेल्या वस्तूंचा विभाग. विभाग म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि सदू.

सदू वाईट माणूस नाही, हे कपाटातून शपथेवर सांगतो. तीन वर्षांपूर्वी त्याने एक काळी छत्री एका बाईला दिली आणि संध्याकाळी दुसरी बाई तिच्यावर हक्क सांगत आली. सदूला लेखी ताकीद मिळाली. त्या दिवसापासून तो माणसांवर विश्वास ठेवत नाही, वहीवर ठेवतो. वहीत 'माप' या सदराखाली एकच चौकोन आहे. त्याने डबा उघडला, वर असलेल्या उजव्याच्या जिभेवर छापलेलं माप पाहिलं, लिहिलं : "बूट, जोड एक, निळा, माप ५." डबा मिटला, चिकटपट्टी लावली, तिच्यावर सही केली. माझी जीभ कोणी पाहिली नाही. माझ्या आयुष्याचा निकाल तिथे लागला.

कपाटात एक कवळी आहे, लग्नाचा एक अल्बम, सात छत्र्या आणि एकेकट्या चपला. कवळीला आता कोणी येईल असं वाटत नाही. जो माणूस कवळी विसरून चार वर्षं जेवतो, तो पुढेही जेवेल. दाराला कुलपापाशी बोटभर भोक आहे. त्यातून मला टेबल दिसतं, कॅलेंडर दिसतं आणि थोडा समुद्र.

दुसऱ्याच दिवशी मैत्री धावत आली.

"पावती?" सदू म्हणाला.

"डब्यात आहे."

"डबा सीलबंद आहे. अर्ज मंजूर झाल्यावर उघडता येतो."

"आणि अर्ज मंजूर कधी होतो?"

"पावती जोडल्यावर."

कोपऱ्यात झाडू मारणारी गोदूबाई थांबली. "सदू, ह्ये तुला तरी कललं काय रं?"

मैत्रीने तिथेच बसून अर्ज लिहिला. हितेशभाईंनी पावतीच्या दुकानातल्या प्रतीचा फोटो फोनवर पाठवला. तो छापून, साक्षांकित करून जोडेपर्यंत बारा तारीख उजाडली. मग सदूने सील फोडलं, एका हातात वही, एका हातात कागद घेतला आणि त्याचा चेहरा पडला.

"वहीत माप पाच. पावतीत पाच आणि सहा. तफावत आहे."

"अहो, माझे पायच तसे आहेत! घालून दाखवते ना."

"ताब्यातली वस्तू वापरता येत नाही."

"घालीत न्हाय, दावते!" गोदूबाई पुढे आली. "आरं, पोरीचा पाय बघ की! असा पाय रायगडात दुसरा हाय का? समोर पुरावा हुबा हाय आन तू वही वाचतूस!"

सदूने पाय पाहिला. खरंच पाहिला, खाली वाकून. मला वाटलं, झालं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "गोदूमावशी, छत्रीच्या वेळी पण मला असंच वाटलं होतं."

नियमांच्या वहीत त्याने अर्धा तास काढला. वहीप्रमाणे पाच नंबरची वस्तू देता येत होती, म्हणून उजवा बूट मैत्रीला मिळाला. शेरा : अंशतः मंजूर. माझी नोंदच नव्हती. नोंदच नाही ती वस्तू सोडता येत नाही, कारण ती इथे नाहीच. पण इथे नसलेली वस्तू कुठे जाऊ नये म्हणून तिला कुलूप लावावं लागतं. माझ्यासाठी वेगळा अर्ज मुंबईच्या मुख्य कार्यालयाकडे गेला.

उजवा गेला. जाताना त्याची नाडी कपाटाच्या कडीत अडकली. मैत्रीने ती सोडवली. मी एवढंच पाहिलं.

पुढचे आठ दिवस डांबराच्या गोळ्यांच्या वासात गेले. सदूने त्या माझ्या पोटात दोन टाकल्या, काळजीपोटी. जिथे पाय असायचा तिथे डांबराच्या गोळ्या. खारी हवा टाचेच्या जोडावर काम करत होती. न वापरलेला बूट नवा राहतो हा माणसांचा गैरसमज आहे. तो नुसता जुना होतो, कोणाच्या उपयोगी न पडता.

एकोणीस तारखेला, चाचणीच्या आदल्या सकाळी, गोदूबाई एकटी झाडत होती. किल्ली टेबलावर. तिने कपाट उघडलं, मला काढलं, गोळ्या फेकल्या, पदराने पुसलं आणि कचऱ्याच्या बादलीत ठेवून वर फडकं टाकलं. त्या घाणीत मी आयुष्यात पहिल्यांदा मोकळा होतो. बादली दारापर्यंत गेली. उंबऱ्यावर थांबली.

"मैनाचं बालंतपन हाय पुडल्या म्हयन्यात," ती मला म्हणाली. मैना तिची लेक. "काम ग्येलं तर..." बादली परत आली. मला जागेवर ठेवताना तिने माझी नाडी व्यवस्थित बांधली, शाळेत जाणाऱ्या मुलाची बांधावी तशी.

एकवीस तारखेला मैत्री आली. उजव्या पायात माझा जोडीदार, धुळीने माखलेला, टाच थोडी बसलेली, रुबाबदार. डाव्या पायात भावाचा कॅनव्हासचा बूट, पुढे कापूस. आत्याचीच युक्ती शेवटी. चालताना ती एका बाजूला कलत होती.

"काय झालं?" सदूने उभं राहून विचारलं.

"पास. चार सेकंदांनी."

सदूने खरोखर टाळ्या वाजवल्या. चहा मागवला.

"पाय बघू," गोदूबाई म्हणाली. मैत्रीने बूट काढला. टाचेवर रुपयाएवढा फोड फुटलेला, नडगी सुजलेली. "आन आता चालायचं किती?"

"सोळा किलोमीटर. नऊ मार्चला. तोपर्यंत मिळेल ना हो?"

"आजच स्मरणपत्र टाक," सदू म्हणाला. "मी स्वतः शिफारस लिहितो." त्याने लिहिली. सुंदर लिहिली. ती माझ्या शेजारच्या फाईलमध्ये आहे. तिच्यात माझा उल्लेख 'कथित बूट' असा आहे.

दोन मार्चला दुसरं स्मरणपत्र. पाच मार्चला मैत्रीचा फोन. सहाला चंदाबाई जातीने आली, सदूला बरंच काही बोलून गेली आणि लाँच नुसती बघूनच तिला पुन्हा मळमळलं.

आज नऊ मार्च. चालणं साडेसहाला अलिबागच्या बाहेर सुरू झालं असेल. चार तासांची मुदत आहे. सदू आठला आला आणि येताच कॅलेंडरकडे बघून नजर वळवली. नऊच्या लाँचने मुंबईहून पाकीट आलं. सदूने ते इतक्या घाईने फोडलं की आतला कागद कोपऱ्यात फाटला.

"आलं!" तो म्हणाला. "गोदूमावशी, आलं!"

त्याने मोठ्याने वाचलं. मुख्य कार्यालयाची बूट देण्यास हरकत नव्हती. तथापि, सदर नग संबंधित जोडीचाच असल्याची खात्री होण्यासाठी, यापूर्वी सोडण्यात आलेला उजवा नग या कार्यालयात जमा करावा. पडताळणीनंतर दोन्ही नग एकत्रित परत देण्यात येतील.

गोदूबाई झाडूवर रेलून उभी होती. "उजवा तर चालतोय आता," ती म्हणाली. "धाव्या, आकराव्या किलोमीटरवर आसंल."

सदू खाली बसला. पत्र घडी करून त्याने फाईलला लावलं. वहीत शेरा लिहिला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग उठून कपाटापाशी आला. भोकातून मला त्याचा डोळा दिसला, त्याला मी दिसलो की नाही ते सांगता येत नाही. कुलूप नीट लागलंय का ते त्याने ओढून पाहिलं.

लागलं होतं.

वाचकहो, विनंती एकच. रस्त्यात एक पाय नव्या बुटात आणि दुसरा कापसात घालून चालणारी मुलगी दिसली, तर तिला सांगा, डावा इथेच आहे, कपाटात, वरून दुसरा कप्पा. नाडी बांधलेली आहे.

सद्यस्थिती : अर्ज प्रलंबित. दि. ९ मार्च, वेळ सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे.