दोन केबलींची एक वाट

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या संगणक कक्षात भिंतीवर एक जाळीचे कपाट असेल. त्यात हिरवे दिवे लुकलुकवत बसलेला पसरट डबा दिसतो ना, त्याच जातीचा मी. मला नेटवर्क स्विच म्हणतात. आता बराच जुना झालो आहे. माझ्या अंगाला चोवीस दारे आहेत आणि दारादारात एकेका संगणकाची केबल. कोण कोणत्या दाराशी राहतो हे लक्षात ठेवायचे आणि ज्याचा निरोप त्याला पोचवायचा, एवढेच माझे काम.

मी कुठे घडलो ते मला आठवत नाही. पहिली आठवण कुपवाडच्या गोदामातल्या खोक्याची. तिथून मी विश्रामबागेतल्या एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर आलो. माझा जोडीदार, दुसरा एक स्विच, दुसऱ्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरशेजारी बसला. आम्हा दोघांमध्ये एक केबल होती. आठ वर्षे कुणी माझे नाव काढले नाही, अंगावरची धूळही झटकली नाही. आमच्या धंद्यात नाव न निघणे हेच कौतुक.

गेल्या वर्षी सीटी स्कॅनचे नवे यंत्र माझ्या सातव्या दाराशी आले. त्याचे फोटो फार जड. रुग्णालयाचे नेटवर्क सांभाळणाऱ्या मदिहाने मग वरपर्यंत दुसरी केबल ओढली आणि आम्हा दोन्ही स्विचना समजावले, की या दोन केबली म्हणजे एकच रुंद वाट. फोटो भराभर वर जाऊ लागले. व्यवस्थापक सयाजीराव खूश झाले. "लय भारी काम केलंस मदिहा!" मलाही उगाच अंगात बळ आल्यासारखे वाटले.

मग एका सोमवारी सकाळी वीज गेली. माझ्याजवळची बॅटरी टिकली, वरची टिकली नाही. दहा मिनिटांनी वीज आली आणि माझ्या डोक्याचा भुगा झाला. सीटीचे यंत्र माझ्या सातव्या दाराशी, हे मला पक्के ठाऊक होते. पण त्याने सगळ्यांना दिलेली हाक एका केबलने वर जायची आणि दुसऱ्या केबलने माझ्याकडेच परत यायची! मला वाटायचे, यंत्र वरच्या मजल्यावर राहायला गेले की काय? त्याच्यासाठी वरून उत्तर आले की मी गोंधळून ते टाकून द्यायचो. क्षणात यंत्र पुन्हा सातव्या दारातून बोलायचे, मग पुन्हा वरून. मित्रांनो, तुमच्याच घरातला माणूस तुम्हाला बाहेरून हाक मारू लागला तर तुम्ही काय कराल?

नेमके त्याच वेळी लालासाहेबांना आणले. निवृत्त फौजी, उसाच्या ट्रॉलीवरून डोक्यावर पडलेले. स्कॅन झाला, त्यांना वर नेले, पण फोटो अर्ध्यावर अडकला. त्यांची बायको मनुबाई सयाजीरावांपुढे उभी राहिली.

"आवं सायेब, मालकास्नी आत न्हेऊन कवाचा येळ झाला. फोटू निघाला म्हनत्यात, मग डाक्टर थांबल्यात कशापायी?"

शेवटी डॉक्टरच धावत खाली आले, यंत्राच्या पडद्यावर फोटो पाहिला आणि धावत वर गेले. वीस मिनिटे वाया गेली होती.

सयाजीराव माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा डबा म्हातारा झालाय. काढ त्याला, नवा आणू."

मदिहाने मला काढले नाही. तिने दोनपैकी एक केबल उपसली. गोंधळ थांबला, अडकलेला फोटो सुरळीत वर गेला. परत लावली, परत गोंधळ. तिने केबल पुन्हा उपसून ठेवली आणि म्हणाली, "एकीवर चालतंय, दोन लावल्या की अडतंय?" ती जिना चढून वर गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. जोडीदार सगळे विसरला होता. दोन केबली म्हणजे दोन वेगळ्या वाटा असे समजून तो एकीने आलेली हाक दुसरीने परत पाठवत होता. कारण त्याला समजावलेले वीज गेली तरी टिकेल असे जपून ठेवायला मदिहा विसरली होती.

दोष माझ्यावर आलेलाच होता. ती गप्प बसली असती तर कुणाला कळले नसते.

"सर, डबा चांगला आहे," ती म्हणाली. "चूक माझी आहे."

 सयाजीराव म्हणाले, "मनुबाईंना सांगशील?"

दुपारी ऑपरेशन यशस्वी झाल्यावर तिने ते माझ्या कपाटासमोरच सांगितले. मनुबाईंनी सगळे ऐकून घेतले. "पोरी, मानूस वाचला म्हून मी गप हाय. न्हाई वाचला आस्ता तर?"

 

संध्याकाळी मदिहाने दोन्ही स्विचना नवी रीत शिकवली. एकमेकांना विचारायचे, दोघांनीही होकार दिला तरच दोन केबलींची एक वाट करायची. या वेळी तिने ते जपून ठेवले. मग वरची वीज मुद्दाम बंद-चालू करून खात्री केली, एकदा नव्हे, तीनदा.

मित्रांनो, मला पुसूनबिसून ठेवा असे मी म्हणत नाही, धुळीची मला सवय आहे. पण दोघांचे काम करताना समोरच्याच्या लक्षात आहे का, हे विचारायला लाजू नका. आणि चूक तुमची असेल, तर मुक्या डब्यावर ढकलू नका. त्याला नाही म्हणता येत नाही.