नमुन्याच्या पाच ओळी

न्यायाधीशांनी दुपारी हुकूम दिला, "उद्या अकरा वाजता आरोपीनं माझ्यासमोर पाच ओळी लिहून दाखवायच्या. अक्षर जुळलं नाही तर सोडून देईन." आमच्या ह्यांचा जीव त्या पाच ओळींना टांगला होता.

तीस वर्षं हे कोर्टाच्या फाटकाशी बसून लोकांचे अर्ज लिहून देत आले. लष्कराची चौकी पेटवा, असं सांगणारं एक हातानं लिहिलेलं पत्रक गावात फिरलं. चौकी पेटली, तीन जवान होरपळून मेले. इतकं सफाईदार लिहितो कोण, असं कुणीतरी विचारलं आणि ह्यांना उचललं. बंडाचा खटला, शिक्षा फाशीची. ह्यांचे शेकडो अर्ज त्याच कोर्टाच्या कपाटांत पडून होते, पण बंडाच्या खटल्यात न्यायाधीशांसमोर लिहिलेलंच अक्षर धरतात. लिहिलं नाही, तर गुन्हा कबूल.

हुकूम झाला तशी मी डबा घेऊन ठाण्यावर गेले. मी बाकावर बसले होते. फौजदार आले. महिन्याभरापूर्वीच बदलून आलेले. आवाज अगदी मऊ.

"वहिनी, एक विचारू? तुमचे यजमान लिहितात कोणत्या हातानं?"

हा प्रश्न सरळ नव्हता. हे डावखुरे. लहानपणी आईनं चटके देऊन देऊन जेवणखाण उजव्या हाताला लावलं, लिहिणं तेवढं डाव्याकडे राहिलं. सगळ्या कोर्टाला ते ठाऊक. फौजदारांना मात्र कुणीच सांगितलेलं नव्हतं. ना शिपायानं, ना कारकुनानं.

मी खोटं बोलत नाही. समोर टेबलावर कैद्यांच्या हजेरीची वही उघडी होती. ह्यांचा डावा हात दिवसभर खिडकीच्या गजाला बेडीनं बांधलेला, म्हणून रोजची सही उजव्या हाताची, वेडीवाकडी.

"रोज तुमच्याच वहीत सही करतात ना," मी म्हटलं. "तुमच्या डोळ्यांदेखत."

"हो की!" फौजदार हसले. "बघा, मी पण किती वेंधळा."

ते आत गेले. दार लोटलं, पण कडी लावली नाही. ह्यांना धरून बसवल्याचं खुर्चीच्या आवाजावरून कळलं. मग लोखंडी कपाटाचं दार उघडलं आणि धाडकन मिटलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज. ह्यांची किंकाळी ओळखता येईना, माणसाची वाटतच नव्हती. दार पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं. मी देवाचं नाव घेत होते, आणि प्रत्येक नावागणिक एक बोट जात होतं. चौथ्यानंतर हे ओरडायचे थांबले. तरी पाचव्यांदा दार मिटलं.

तो हात मी दाखवला होता.

एका हवालदारानं डबा जसाच्या तसा परत आणून दिला. झाकणावर रक्ताचा अंगठा उमटला होता. "आज जेवायचे नाहीत ते," तो खाली बघत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अकराला ह्यांना दोघांनी बखोट धरून आणलं. उजवा हात पोत्याच्या चिंध्यांत गुंडाळलेला, भोपळ्याएवढा. एक डोळा मिटलेला.

"न्हाणीत पाय घसरला," फौजदार म्हणाले. "आता हा लिहिणार कसा? नमुना दिला नाही असंच धरावं लागेल."

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. घाबरट माणूस, सगळे म्हणत. "आरोपी, काही म्हणायचंय?"

"टाक द्या, साहेब," हे म्हणाले. सुजलेल्या ओठांतून शब्द चुरगळून आले. "डाव्या हातात द्या. मी डावखुरा आहे."

दाराशी उभ्या म्हाताऱ्या शिपायाला खोकल्याची उबळ आली. तो खोकत नव्हता, हसत होता.

फौजदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर सावरला.

न्यायाधीश पत्रकातलाच मजकूर सांगू लागले, हे लिहू लागले. पत्रकातलं अक्षर पळतं, एकमेकांवर रेललेलं. ह्यांचं एकेक अक्षर वीट ठेवावी तसं, सरळ आणि सुटं. मान वाकडी करून न्यायाधीश दोन्ही कागद बघत होते. तीन ओळी झाल्या. चार. पुढचं मोजायचं मी विसरले. कारकूनही उठून डोकावला.

"आणि माझा भाचा?" फौजदार एकदम ओरडले. "तो जळाला त्या चौकीत. त्याला कुणी अकरा वाजता बोलावून विचारलं होतं का काही?"

टेबलावरचा पितळी शिक्का त्यांनी उचलला आणि ह्यांच्या डाव्या हातावर घातला. एकदा. दोनदा. टाकाचं टोक तळव्यात घुसून दुसरीकडून निघालं. दौत फुटली, शाई आणि रक्त एकात एक झालं. शिपाई त्यांच्या दंडाला लोंबकळला, तरी तिसरा घाव बसलाच.

न्यायाधीश उभे होते. त्यांच्या पांढऱ्या कॉलरवर थेंब उडाले होते.

"किती ओळी झाल्या?"

कारकुनानं कागद शाईतून ओढून काढला. बोटानं मोजलं. "सहावी चालू होती, साहेब."

"लागतात किती?"

"पाच."

"मग नमुना पुरा झाला. तसं लिहा. हा हात कुणी फोडला तेही लिहा, वाजले किती तेही. फौजदारांचा पट्टा उतरवा. अक्षर जुळत नाही; सुटकेचा कागद होईस्तोवर आरोपी कोर्टाच्या ताब्यात, ठाण्याकडे परत जाणार नाही." एवढं बोलून ते मटकन खाली बसले.

संध्याकाळी इस्पितळात गेले तेव्हा ह्यांचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये, छताला दोरीनं टांगलेले. मी डबा उघडला, घास पुढे केला.

"तुला विचारलं होतं त्यानं?" ह्यांनी घास न घेताच विचारलं.

"हो."

"मग काय म्हणालीस?"

"खरंच बोलले. वहीत बघा म्हटलं."

हे हसायला लागले, आणि हसताना दोऱ्या हलल्या तसे कळवळून ओरडले. नर्स धावत आली आणि तिनं मला बाहेर काढलं. घास माझ्या हातातच राहिला होता.