सतरा कुंड्या

"आज बाविसावा दिवस," फोनवरच्या बाई म्हणाल्या. "अजून काहीच नाही."

वेणूबाईंचा एक हात कोपरापर्यंत लगद्याच्या हौदात होता. दुसरा पदराला कसाबसा पुसून त्यांनी शेडचा फोन उचलला होता. आवाज ओळखीचा होता. या बाईंचा हा तिसरा फोन.

"तुळस उशिरा येते, बाई. त्यात सध्या ऊन नाही."

"मागच्या खेपेला आपण पंधरा दिवस म्हणालात. त्याआधी आठ. मी बत्तीस वर्षं गणित शिकवलंय. दर वेळी उत्तर पुढे सरकवणारी मुलं मी वर्गाबाहेर उभी करत असे." बाईंचा आवाज एकदम खाली आला. "मला एवढंच सांगा. कागद तुम्हीच केलात ना? चांगला झाला होता ना?"

"हो," वेणूबाई म्हणाल्या. "चांगला झाला होता."

हे धादांत खोटं होतं.

बिबवेवाडीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये पेरायचा कागद तयार होई. शेडचा मालक आनंद हा आयटीतला माणूस. पस्तिशीत त्याला निसर्गाची ओढ लागली, आणि पुण्यात ओढ लागलेला माणूस सर्वांत आधी व्हिजिटिंग कार्डं छापतो तशी त्यानेही छापली. पण माणूस वाईट नव्हता. नवरा गेल्यावर वेणूबाईंना त्यानेच कामावर घेतलं होतं आणि 'मावशी'शिवाय कधी हाक मारली नव्हती. काम असं: बनियनच्या कारखान्यातली पांढरी कातरण भिजवायची, यंत्रात घालून तिचा लगदा करायचा, तो पाण्याच्या हौदात सोडायचा. जाळीची चौकट हौदात बुडवून वर उचलली की पाणी गळून जातं आणि जाळीवर सायीसारखा थर राहतो. त्यावर बी भुरभुरायचं, वर आणखी एक पातळ थर द्यायचा, कापडावर उलटा करून पाणी दाबून काढायचं आणि तो ताव सावलीत वाळवायचा. त्याच्या लग्नपत्रिका होत, कंपन्यांच्या समारंभात गळ्यात अडकवायचे बिल्ले होत. समारंभ संपला की बिल्ला कचऱ्यात न टाकता कुंडीत घालायचा, वर बोटभर माती लोटायची आणि रोज पाणी द्यायचं. कागद कुजून जातो, बी उगवतं.

सगळी मेख वाळवण्यात होती. ताव दीड दिवसाच्या वर ओला राहिला तर बी कागदातच मोड काढून बसतं, आणि घाईने तापवला तर मरतं. वेणूबाईंना हे कोणी शिकवायची गरज पडली नाही. कारंजाकडच्या त्यांच्या गावी बियाणं राखायचं काम घरातल्या बायकांचं. त्यांची आजी राखेत ठेवलेलं बी दाताखाली धरून जिवंत की मेलेलं ते सांगायची. सहा वर्षांत वेणूबाईंच्या हातचा एकही ताव न उगवता मुका राहिला नव्हता आणि या गोष्टीचा त्यांना मनातून फार अभिमान होता. तो बोलून दाखवण्यासारखं कोणी भोवती नव्हतं, ही वेगळी गोष्ट.

श्रावणात गंधार गोवंडे नावाचा एकतीस वर्षांचा मुलगा ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. हृदय बंद पडलं. तेराव्या दिवसाला लोकांच्या हातात काहीतरी द्यावं, आणि ते प्लास्टिकचं नसावं, असं त्याच्या बायकोला, ऋचाला वाटलं. गंधारला असल्या गोष्टींचं कौतुक फार. दीडशे कार्डं, तुळशीचं बी, दोन दिवसांत हवीत. त्यावरचा मजकूर तिने स्वतः लिहून पाठवला: 'हा कागद मातीत पेरा. गंधार पुन्हा उगवेल.'

पंधरा दिवस ऊन नव्हतं. शेडमध्ये ताव टांगले तर वाळायला तीन दिवस लागत होते. आनंदने मग शेजारच्या टी-शर्ट छापणाऱ्याकडून कपड्यावर चित्रं चिकटवायचं गरम यंत्र आणलं.

"मावशी, एका तावाला पंचेचाळीस सेकंद. खटाखट होतील."

"बी भाजून जाईन ना, दादा."

"लावतंय कोण? दीडशेतले शंभर ड्रॉवरमध्ये जातात. उरलेले फ्रिजवर. लोकांना फील पाहिजे असतो, मावशी, रोप नको असतं."

नाही म्हणायचं वेणूबाईंच्या तोंडावर आलं होतं. पण जन्मभर त्यांचे हात तोंडाच्या आधी चालत आलेले. त्यांनी ताव यंत्रात सरकवला आणि पंचेचाळीस आकडे मोजले. वाफ आली, त्या वाफेला तुळशीचा वास होता. दीडशे कार्डांचे ताव त्यांनी दुपारपर्यंत उरकले आणि पाकिटावर वाघोलीचा पत्ता चिकटवला.

कडेचे कापलेले तुकडे त्यांनी घरी नेले, ओल्या फडक्यात बांधून चुलीपासून लांब ठेवले. दहा दिवसांनी फडकं सोडलं. एकाही बीला मोड नव्हता. फडकं त्यांनी धुऊन टाकलं आणि कोणाला सांगितलं नाही.

"ऐकताय ना?" फोनवर गंधारची आई, उल्काबाई बोलतच होत्या. "दहाव्याला कावळा शिवला नाही. पाऊण तास थांबलो. मी मनातल्या मनात सगळं कबूल केलं, तरी नाही. शेवटी दर्भाचा केला. आणि आता हे. मी सगळ्यांना फोन केले. सतरा घरी लावलंय. सतराच्या सतरा कुंड्या रिकाम्या. माझी नणंद म्हणते त्र्यंबकला जाऊन नारायणबळी करा, मुलगा अडकलाय. सतरा घरी हेच चाललंय की गोवंड्यांचा मुलगा अडकलाय."

"तसं नसतं, बाई."

"मग कसं असतं? त्याने वाघोलीला फ्लॅट घेतला, मी पेठ सोडून येणार नाही म्हणाले. दोन महिने त्याच्याशी बोलले नाही. त्याचे फोन यायचे, मी वाजू द्यायचे. आता आलेय राहायला, तर तो नाही. त्याचा राग आहे माझ्यावर. असणारच." बाईंनी श्वास घेतला. "मी अन्न सोडलंय. आज चौदा दिवस झाले. दूध घेते. पहिलं पान दिसलं की जेवेन."

"तुमाले काही दुखणं?"

"साखर आहे. पण त्याला विचारतंय कोण?"

फोन बंद झाला. हौदातला लगदा खाली बसला होता. वेणूबाईंनी तो ढवळला नाही.

आनंद दुपारी आला तो खुशीत. हिंजवडीच्या एका कंपनीचा वार्षिक समारंभ, पाच हजार बिल्ले, आणि त्यासाठी मोठं गरम यंत्र विकतच घ्यायचं त्याने ठरवलं होतं. वेणूबाईंनी त्याला सगळं सांगितलं. चौदा दिवसांचं सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला, नाही असं नाही.

"बापरे," तो म्हणाला. "आपण असं करू, रिप्लेसमेंट पाठवू त्यांना. फ्री."

"कोनाची?"

आनंद चष्मा पुसत म्हणाला, "हे बघा, मावशी, जास्त पाणी घातलं म्हणा. माती चुकली म्हणा. पण बी आपण भाजलं हे बाहेर गेलं तर पाच हजारांचं काम गेलं, आणि ते गेलं तर शेड गेलं. तुमच्याखेरीज चार जणींची चूल आहे यावर. प्लीज, तुम्ही काही बोलू नका. बोललात तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

तो खोटं बोलत नव्हता. वेणूबाईंना चौघींची नावं पाठ होती, चौघींच्या पोरांचीही. त्या दिवशी त्यांनी गप्प बसून ताव काढले.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शेडवर न जाता स्वारगेटला गेल्या आणि वाघोलीच्या बसमध्ये बसल्या. रस्ताभर त्या एकच हिशेब करत होत्या: चौदा आणि एक पंधरा.

सोसायटीच्या रखवालदाराने वहीत नाव लिहून घेतलं, कामाचं कारण विचारलं. "कार्ड," वेणूबाई म्हणाल्या. नवव्या मजल्यावर उल्काबाईंनी स्वतः दार उघडलं. ऋचा ऑफिसला गेली होती. बाई उंच होत्या आणि इतक्या वाळल्या होत्या की ब्लाउजच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या. त्यांनी ओळख विचारली नाही, आवाजावरून ओळखलं आणि सरळ बाल्कनीत नेलं.

कुंडी चांगली, निळ्या चिनी मातीची होती. आत काळीभोर माती आणि मधोमध कार्डाचा उरलेला पांढुरका चिखल. त्यावर बुरशी आली होती. 'गंधार' मधला 'गं' तेवढा अजून वाचता येत होता.

"रोज वाटीभर पाणी," उल्काबाई म्हणाल्या. "मोजून. सांगा, काय चुकलं?"

"तुमचं काही चुकलं नाही." वेणूबाई उभ्याच होत्या. "बी मीनं भाजलं."

"काय?"

"ऊन नव्हतं. कागद गरम यंत्रात दाबून वाळवला. मले तवाच माहीत होतं की बी मरते. तरी केलं. दीडशेच्या दीडशे. कोनाच्याच कुंडीत येनार नाही. तुमच्या पोराचा काही राग नाही, काही अडकलं नाही. तो कागदच मेलेला होता."

उल्काबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग ओठाच्या कोपऱ्यातून हसल्या. "अहो, किती चांगल्या आहात तुम्ही. एवढ्या लांबून माझं समाधान करायला आलात. पण मला असली समाधानं नकोत."

वेणूबाईंना हे सुचलंच नव्हतं, की खरं सांगितलं आणि कोणी दयेचं समजलं तर काय करायचं. त्यांना एकदम संताप आला, बाईंचाही आणि स्वतःचाही.

"बाई, खोटं बोलायले मी तीन तास बस बदलत कायले येऊ? खोटं तर मी फोनवरच बोलली तुमच्याशी. तीनदा. आठ दिवस म्हनली, पंधरा म्हनली, काल चांगला झाला म्हनली. ते खोटं होतं. हे खरं आहे."

उल्काबाईंनी बाल्कनीचा कठडा धरला. खाली कुठल्यातरी कॉलेजच्या बसगाड्या हॉर्न देत होत्या.

"किती वेळ दाबून ठेवत होतात?" त्यांनी विचारलं.

"पंचेचाळीस सेकंद."

"मोजत होतात?"

"हो."

मग उल्काबाई सुटल्या. बत्तीस वर्षं वर्गावर चढलेला आवाज होता तो, नवव्या मजल्यावरून खाली रखवालदारापर्यंत गेला असेल. लाज नाही वाटली? एका मेलेल्या मुलाच्या नावाचा कागद, आणि तुम्ही भाकरीसारखा भाजलात? मी इथे त्या चिखलाची क्षमा मागत बसले, रोज सकाळी, हात जोडून! वेणूबाईंनी मान खाली घातली नाही. त्यांना वाटत होतं, होऊ दे, जितकं होईल तितकं इकडे माझ्यावर होऊ दे, बाईंच्या आत नको. शेवटी उल्काबाईंचा आवाज फाटला आणि त्या स्टुलावर बसल्या. रडल्या. गंधारचं नाव घेऊन, तोंड उघडं टाकून रडल्या. सुतकाच्या तेरा दिवसांतही त्या अशा रडल्या नसाव्यात.

डोळे पुसून त्या उठल्या तेव्हा पुन्हा मास्तरीण झाल्या होत्या. आतून त्यांनी आखीव कागद आणला. त्यावर सतरा नावं, सतरा नंबर, प्रत्येकापुढे फुली.

"मला सांगितलंत, ते ठीक. पण सतरा घरी माझ्या मुलाचं नाव खराब झालंय. मी सांगून कोणाचा विश्वास बसायचा नाही, म्हणतील आई आहे. तुम्ही सांगायचं. माझ्यासमोर. एकेकाला."

"मले फोनवर नीट बोलता येत नाही."

"खोटं छान बोलता आलं की."

वेणूबाई उल्काबाईंचा फोन घेऊन दाराजवळच्या फरशीवर बसल्या. पहिला नंबर नणंदेचा. "मी वेणूबाई. बिबवेवाडीतून. गंधारच्या कार्डाचा कागद मीनं केला. त्यातलं बी चुकून—"

"चुकून नाही," उल्काबाई म्हणाल्या. "चुकून झालेलं नाही ते. पुन्हा सांगा."

"बी मीनं भाजलं," वेणूबाई म्हणाल्या. "माहीत असून. कुंडीत काही येनार नाही. पोराचं काही राह्यलेलं नाही."

काही घरांनी ऐकून घेतलं. एकाने हसून फोन ठेवला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी "बरं झालं सांगितलंत" असं दोनदा म्हटलं. पाचव्या घराने मालकाचा नंबर मागितला, तो कार्डाच्या मागेच छापलेला होता. दहा मिनिटांत वेणूबाईंच्या पिशवीत त्यांचा स्वतःचा फोन वाजला.

"मावशी, हे काय केलंत?" आनंद ओरडत नव्हता, रडवेला झाला होता. "चौघींचा तरी विचार करायचा. उद्यापासून येऊ नका."

"बरं," वेणूबाई म्हणाल्या. त्यांना चौघींचे चेहरे दिसले. यातल्या एकीलाही त्या हे समजावून सांगू शकणार नव्हत्या, हे त्यांना पक्कं कळत होतं. त्यांनी फोन पिशवीत टाकला.

"सहावा," उल्काबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

वेणूबाईंनी सहावा लावला, सातवा लावला. स्वयंपाकघरात डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला, मग काही वेळ काहीच नाही. आठवा नंबर लागेना. त्यांनी आत डोकावून पाहिलं. ऋचाने सकाळी करून ठेवलेला गार वरणभात उल्काबाईंनी ताटलीत घेतला होता आणि ओट्याशी उभं राहून, पाठमोऱ्या, त्या जेवत होत्या. शितं ओट्यावर सांडत होती. वेणूबाईंना त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

"आठवा लागत नाही," वेणूबाई म्हणाल्या.

"मग नववा घ्या," उल्काबाई म्हणाल्या आणि नंबर सांगू लागल्या. तोंडात घास असल्यामुळे त्यांना प्रत्येक आकडा दोनदा सांगावा लागत होता.