आभारात नाव नको

प्राध्यापक लिंडक्विस्ट यांचं पत्र मला ऑक्टोबरात मिळालं. एप्रिल संपत आला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. मी उत्तरं टाळणारा माणूस नाही. कॉलेजात असताना मुलांच्या रजेच्या अर्जालाही मी दोन ओळी लिहून परत पाठवत असे. पण हे पत्र आलं आणि हात चालेनासा झाला. नकाशांच्या एका जुन्या पुस्तकात मी ते घालून ठेवलं. माझी बायको फालेस धूळ झटकताना ते बाहेर काढायची, टेबलावर ठेवायची. मी पुन्हा आत सरकवायचो.

"अहो, अंडं आहे का ते उबवत ठेवायला?" ती एकदा म्हणाली.

पत्र सभ्य होतं. युरोपात उत्तरेकडच्या त्यांच्या देशातली माणसं सभ्यच लिहितात. त्यांची आनिका नावाची एक विद्यार्थिनी पीएचडीसाठी आमच्या चिल्वा तळ्याच्या काठी काही महिने राहणार होती. तळं आटतं तेव्हा काठावरच्या बायका कुणाच्या दारात आसरा मागतात, हा तिचा विषय. परदेशी संशोधकाला परवानगी मिळण्यासाठी इथल्या कुणा अभ्यासकाची सही लागते, ती मी द्यावी. शिवाय माझी जुनी विद्यार्थिनी एनेलेसी नाखुम्वा, 'जिच्या कामाविषयी आम्हाला अतिशय आदर आहे', ती आनिकाची मदतनीस व्हायला तयार आहे का, हे मी तिला विचारावं. भत्ता मिळेल. प्रबंधात तिचे आभार मानले जातील.

तो विषय एनेलेसीचा होता.

चिल्वा काही वर्षांनी एकदा आटतंच. पाणी जातं, मासळी जाते, पुरुष दुसऱ्या तळ्यांकडे निघून जातात आणि बायका पोरं पाठीला बांधून कुठेतरी जातात. कुठे जातात ते कुणी विचारलं नव्हतं. आमची सगळी पुस्तकं पाण्याची खोली आणि माशांचं वजन मोजतात. माझं स्वतःचं पातळसं पुस्तकही त्यातलंच. ते कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. एनेलेसी काचुलूच्या किनाऱ्यावर वाढली. तिची आई मासळी वाळवून विकते. मागे तळं आटलं तेव्हा ती एनेलेसीला घेऊन आपल्या सवतीच्या दारात गेली होती, आणि सवतीने तिला ठेवून घेतलं होतं. आमच्यात बहिणीचा भार भाऊ वाहतो. असं असूनही ती भावाकडे गेली नाही.

एम.ए. करत असताना एनेलेसी माझ्या खोलीत आली आणि उभ्यानेच म्हणाली, "सर, माझी आई एकटी नाही. मी गावोगाव विचारलंय. बायका सवतीकडे जातात. भावाकडे गेलं की तो आयुष्यभर ऐकवतो म्हणतात."

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. विद्यार्थ्यासमोर असा मी दुसऱ्यांदा कधी उठलो नाही.

इथे पीएचडीसाठी पैसा नाही. माझ्या वेळीही नव्हता, म्हणून मी शेवटपर्यंत 'मिस्टर चितिम्बे'च राहिलो. बाहेरच्या शिष्यवृत्तीशिवाय मार्ग नव्हता. लिंडक्विस्टांचं नाव मीच तिला सुचवलं. त्यांचं उत्तर लगेच आलं. विषय फारच मोलाचा आहे, आणखी पाठवा. तिने पाठवलं. मग त्यांनी प्रश्नावली मागितली, मग गावांची नावं, मग आधी घेतलेल्या मुलाखतींचे नमुने. दर वेळी ती मला विचारायची, "सर, एवढं सगळं पाठवू?" आणि मी म्हणायचो, पाठव. पाहुण्यासमोर भांड्यावर झाकण ठेवू नये, असंच आम्ही शिकलेलो. जितकं जास्त दिसेल तितकी तिची किंमत कळेल, असा माझा हिशोब.

"पाहुण्याला मक्याच्या पिठाचा न्सिमा वाढतात हो," फालेस मला पुढे म्हणाली, "बियाण्याचा मका दळून घालत नाहीत."

पहिल्या वर्षी उत्तर आलं की अर्जदार असाधारण संख्येने होते. दुसऱ्या वर्षी इंग्रजीची परीक्षा आडवी आली. ही मुलगी माध्यमिक शाळेत इंग्रजीच शिकवते. तरी आपल्याला इंग्रजी येतं हे सिद्ध करायला तिला ब्लांटायरच्या एका हॉटेलात जाऊन यंत्रासमोर बसावं लागलं. यंत्राने सांगितलं, बर्फातल्या सुट्टीविषयी दोन मिनिटं बोला.

"मग काय बोललीस?" मी विचारलं होतं.

"बर्फ मी फक्त सोड्याच्या बाटल्यांखाली पाहिलाय म्हटलं. पुढे दीड मिनिट उरलं होतं, सर. मग फ्रीजचं वर्णन केलं."

बोलण्यात अर्धा गुण कमी पडला. तिसऱ्या वर्षी कळवण्यात आलं की या विषयावर आमच्या विभागात आधीच काम सुरू झालेलं असल्यामुळे दुसरा प्रस्ताव घेता येत नाही. आणि त्यानंतर ऑक्टोबरात मला ते पत्र.

उत्तराचे खर्डे मी कितीतरी केले. एकात मी फार रागावलेला दिसत होतो, तो फाडला. दुसऱ्यात मी क्षमा मागत होतो, कशाची ते मलाच कळेना. मधूनच वाटायचं, विषय काय कुणाच्या बापाचा असतो? तळं सगळ्यांचं, बायका सगळ्यांच्या. एवढा मोठा माणूस, त्याला हे स्वतंत्रपणेही सुचलं असेल. मी कोण शंका घेणारा? शेवटी मी ठरवलं, की गप्प बसणं हेसुद्धा एक उत्तरच आहे. माझी सही नाही तर परवानगी नाही, आणि परवानगी नाही तर ती मुलगी येणार नाही. एनेलेसीला मी यातलं काहीच सांगितलं नाही.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी एनेलेसी काचुलूहून मिनिबसने आली. हातात आईने दिलेल्या सुक्या मासळीची पुडी. दारातच थांबून तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सर, तुम्ही जिवंत आहात ना?"

"म्हणजे?"

"काही नाही. गावात एक पाहुणी आलीय. तिच्या प्रोफेसरांनी तुम्हाला पत्र लिहिलं होतं म्हणे. उत्तर गेलं नाही, तेव्हा तुम्ही वारलात असं ते धरून चालले. तिने माझे दोन्ही हात धरून दुःख व्यक्त केलं. मलाही क्षणभर रडू आलं."

आतून फालेसचं हसणं ऐकू आलं. "त्यांची काय चूक? आम्हाला घरात राहून कळत नाही."

मी विचारलं, "पण ती आली कशी? सही कुणी केली?"

"डॉक्टर काफुवांनी. एका दिवसात."

काफुवा आता विभागप्रमुख आहे. माझ्याच हाताखाली शिकला. सहा महिने मी पाठ लावून दार अडवून बसलो होतो, आणि शेजारचं दार सताड उघडं होतं. मी दार अडवलंय हेसुद्धा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. फार झालं तर त्यांनी मला मेलेल्यांत जमा केलं.

फालेसने चहा आणि उकडलेली रताळी आणून ठेवली. एनेलेसीने रताळं हातात घेतलं, सोललं, पण खाल्लं नाही.

"पत्रात माझं नाव होतं, सर?"

"होतं."

"मदतनीस म्हणून?"

"हो."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत."

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट माझं मला वाटू द्यायचं होतंत ना."

ती मोठ्याने बोलली नाही. मोठ्याने बोलली असती तर बरं झालं असतं. तीच पुढे म्हणाली, "मुलगी चांगली आहे हो. खरंच चांगली. आईने पाट दिला तर तो बाजूला सारून जमिनीवर बसली. माझा प्रस्ताव तिने कधी पाहिलेला नाही. विषय प्रोफेसरांनी दिला, प्रश्नही त्यांनीच दिले. मला तिने प्रश्नांचा कागद दाखवला, सर. माझेच आहेत, त्याच क्रमाने. सातव्या प्रश्नात मी घाईत जाली गावचा बाजार चुकून नदीच्या पलीकडे लिहिला होता. अजून पलीकडेच आहे."

फालेसने कपाळावर हात मारला.

"राग काढायचा तर तिच्यावर काढता येत नाही," एनेलेसी म्हणाली. "आणि ज्याच्यावर काढायचा तो इतका लांब आहे, की राग पोचेपर्यंत थंड होईल."

"तू अर्ज कर," मी म्हणालो. "दक्षिणेकडच्या एका विद्यापीठाची मुदत पुढच्या महिन्यापर्यंत आहे. तुझाच विषय लिही. मी पत्र देतो की हे काम तू आधी केलंस."

"तुमचं पत्र चालत नाही, सर. शिफारस कॉलेजच्या ईमेलवरूनच यावी लागते. तुम्ही निवृत्त झालात आणि कॉलेजने तुमचा बंद केला. काफुवा देणार नाहीत, सही करून बसलेत. आणि विषय काय लिहू? इंटरनेटवर शोधलं की पहिलं तिचं नाव येतं, फोटोसकट. लोक म्हणतील, काचुलूच्या मास्तरणीने युरोपातल्या मुलीचा विषय चोरला."

मी चहा ढवळत राहिलो. साखर केव्हाच विरघळली होती.

"सोमवारपासून मी तिच्याबरोबर जाणार आहे," ती म्हणाली. "शाळेतून रजा घेतलीय."

"वेडी आहेस का गं?" फालेस उसळली. "आपल्याच शेतात मजुरीला जायचं? भत्त्यासाठी?"

"भत्त्यासाठी नाही, आमायी." फालेसला माझे सगळे विद्यार्थी आईच म्हणतात. "आता दुभाष्या कोण आहे ठाऊक आहे? गावप्रमुखाचा पुतण्या, लेमेक. परवा माझ्या आईकडे आले होते दोघं. आई म्हणाली, 'मी सवतीच्या चुलीपाशी जाऊन उभी राहिले. ती काही बोलली नाही, नुसती सरकली.' आणि लेमेकने सांगितलं, 'शेजाऱ्यांनी मदत केली.' सवत हा शब्दच गिळला त्याने. बाहेर आल्यावर मी धरलं त्याला. तर म्हणतो, गोऱ्या बाईसमोर आपल्या घरातलं असलं काय सांगायचं, लाज वाटते. ती भराभरा लिहीत होती. शेजाऱ्यांनी मदत केली. सगळ्या बायकांचं तेच झालंय, सर. छापून आलं की तेच खरं. माझा विषय गेला तो गेला. पण आईचं बोलणं तरी बरोबर लिहिलं जाऊ दे."

फालेस उठून आत गेली. भांडी जरा जास्तच आपटल्याचा आवाज आला.

"मी लिंडक्विस्टांना लिहितो," मी म्हणालो.

एनेलेसी हसली. "काय लिहाल? 'आदरणीय प्राध्यापक, आपण मेहेरबानी करून चोरी केलीत त्याबद्दल आभारी आहे'? तुमच्याकडून नाही व्हायचं, सर. मी ओळखते तुम्हाला."

"तुला काय लिहायला हवंय ते सांग."

तिने ते सोललेलं रताळं ताटलीत ठेवलं. "एकच. आभारात माझं नाव घालू नका म्हणावं. नाव घालायचं तर वर, तिच्या नावाशेजारी. नाहीतर कुठेच नको. 'स्थानिक मदतीबद्दल ऋणी आहोत' त्या यादीत, ड्रायव्हर आणि लेमेकच्या मधोमध, मला नको."

ती गेल्यावर मी लिहायला बसलो. रविवारी चर्चहून परत आल्यावर पुन्हा बसलो. फालेस मागे उभी राहून वाचत होती. शाळा तिची लवकर सुटली, पण इंग्रजी तिला माझ्याइतकंच कळतं.

"'कृपया' किती वेळा लिहिलंत?"

"पद्धत असते."

"खोडा. सगळे."

"एक तरी राहू दे."

"बरं, एक. शेवटी ठेवा. आणि हे 'कदाचित माझा गैरसमज असेल' कशाला? आहे का गैरसमज?"

"नाही."

"मग?"

खोडत खोडत पत्र एका पानावर आलं. ते असं होतं:

'मी जिवंत आहे. आपल्या ऑक्टोबरमधल्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण त्यात काय मागितलं आहे हे मला कळलं होतं. आनिका यांचा विषय आणि प्रश्न मिस एनेलेसी नाखुम्वा यांचे आहेत. त्यांनी आपल्या मागणीवरून ते आपल्याकडे पाठवले. ती मागणी आणि ते उत्तर आपल्या संगणकात असेलच. सातव्या प्रश्नात जालीचा बाजार नदीच्या पलीकडे दाखवला आहे. तो अलीकडे आहे. ही चूक मिस नाखुम्वा यांची असून ती आता आपलीही झाली आहे. प्रस्ताव आपल्याला त्यांच्याकडून केव्हा मिळाला, एवढं एका ओळीत लिहून ते, मिस नाखुम्वा जिथे अर्ज करू शकतील त्या सोबतच्या पत्त्यावरच्या विद्यापीठाला महिन्याभरात कळवावं. आपण कळवलं नाहीत तर हे पत्र मी आपल्या विद्यापीठाच्या कुलगुरूंना पाठवीन आणि छापायला तयार असेल त्या प्रत्येकाला देईन. आनिका यांनी मिस नाखुम्वा यांच्याशेजारी आपलं नाव घालायला माझी हरकत नाही. आभारात मात्र त्यांचं नाव कृपया घालू नये.'

खाली मी 'आपला नम्र' लिहिलं. फालेसने तेही पाहिलं आणि राहू दिलं.

छापायला कोण तयार असेल, मला माहीत नाही. कुलगुरूंचा पत्ताही माझ्याकडे नाही. एका म्हाताऱ्या मिस्टरचं पत्र तिथे कोण उघडणार, आणि उघडलं तरी महिन्याची मुदत टपालातच संपून जाणार, हे मला लिहितानाच दिसत होतं. ईमेलने पाठवायचं तर एनेलेसीच्या फोनवरून पाठवावं लागलं असतं, आणि तिच्या नावावरून तिचीच तक्रार गेली असती. ते मला नको होतं. पण मी पुन्हा खर्डा केला नाही.

सोमवारी सकाळी आमच्या झोम्बाच्या पोस्टात रांग होती. साधारण त्याच वेळी काचुलूत एनेलेसी कुणाच्या तरी अंगणात बसून पहिला प्रश्न विचारत असेल, असं माझ्या मनात आलं. खिडकीतल्या पोराने पाकीट वजनकाट्यावर टाकलं आणि पत्ता वाचला.

"आजोबा, एवढ्या लांब? तिकडे पोचेपर्यंत त्यांचा हिवाळा येईल. ईमेल नाही का तुमच्याकडे?"

"होता. बंद केला."

"कोणी?"

"कॉलेजने."

"नातवाला सांगा, नवा काढून देईल," तो म्हणाला आणि तिकिटं फाडून माझ्यापुढे सरकवली. एक तिकीट वाकडं लागलं. मी ते काढून पुन्हा लावायला गेलो तर मागची बाई म्हणाली, "असू द्या हो बाम्बो, वाकडंही चालतं." पोराने शिक्का मारला, पाकीट पाठीमागच्या पोत्यात टाकलं आणि पुढच्याला हाक मारली.