तुरे म्हणजे लवकर

खळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. सिद्ध मेमे, म्हणजे सिद्ध आजोबा, म्हणवणाऱ्या साधूने करड्या सपाट दगडावर पाणी ओतलं आणि कोऱ्या दगडातून अक्षरं वर आली: ओम तारे तुत्तारे तुरे सोहा. म्हाताऱ्यांनी लोटांगण घातलं, बायका रडायला लागल्या.

"डोल्मा माता, आपली तारादेवी, दगडात येऊन बसली आहे!" मेमे गरजला. "यातलं 'तुरे' म्हणजे रोगमुक्ती! मी देतो तो एकेक दगड घरी न्या, रोज पाणी ओता, तेच प्या. 'तुरे' ठळक उमटलं की समजा, रोग निघाला. पण सुया-गोळ्या बंद! आईवर विश्वास आणि वर सुई? रुसेल ती!"

दक्षिणा तो घेत नसे. लोणी आणि लोकर मात्र त्याच्या घोड्यावर आपोआप चढत असे.

त्या गर्दीत माझी आचे, म्हणजे थोरली बहीण कुन्झेस, होती आणि तिची लेक चोरोल. चोरोलला लहानपणीच मधुमेह झालेला. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई लागे. टोचताना ती आईचं बोट घट्ट धरून ठेवायची. आईला रोज ते बघवत नसे, आणि मेमे म्हणत होता, आता सुई नको.

हे सगळं मला, तिच्या नोनोला, म्हणजे धाकट्या भावाला, मागाहून कळलं. मी शाळेत शिकवतो. तेव्हा परीक्षेच्या कामासाठी तालुक्याच्या गावी, पदुमला गेलो होतो. परतलो तेव्हा चोरोल चुलीजवळ पडली होती. श्वास खोल, धापा टाकल्यासारखा. तोंडाला आंबलेल्या जर्दाळूंचा वास.

"आचे, सुई कधी दिलीस?"

"नाही दिली, नोनो. बघ ना," तिने दगड पुढे केला, "आज 'तुरे' किती ठळक उमटलं!"

मी पोरीला उचललं. जीप मिळाली, पण इस्पितळ लांब. "अझांग, पाणी दे ना," चोरोल मला म्हणाली. मामाला ती अझांग म्हणायची. नदीच्या पुलापाशी तिचा श्वास थांबला. आचे तिच्या कानात मंत्र म्हणतच राहिली.

घरी प्रार्थनेला भिक्षुणी आनी पालकित आल्या. आचेने विचारलं, "आनी-ले, 'तुरे' म्हणजे रोग जाणं ना?"

"काही जण तसाही अर्थ सांगतात. पण मूळ शब्द त्वरेचा, बाळ. तारे, पार नेणारी. तुत्तारे, भयातून सोडवणारी. तुरे, लवकर धावून येणारी. सोहा, असं होवो."

"म्हणजे मंत्र 'लवकर' म्हणत होता," आचे पुटपुटली, "आणि मी वाट बघत बसले?"

आनींनी तिला जवळ घेतलं.

तो दगड उचलून फेकायला आचे चुलीकडे गेली. धगीने त्यावर अक्षरांच्या जागी काहीतरी वितळून ओघळलं होतं. तिने बोट फिरवलं, वास घेतला. मेण! मेणबत्तीचं साधं मेण.

मेमे पुन्हा खळ्यावर बसला, तेव्हा आचे एक कोरा दगड आणि मेणबत्ती घेऊन सगळ्यांसमोर उभी राहिली. मेणबत्तीने तिने दगडावर लिहिलं. कोरड्या दगडावर काहीच दिसेना. तिने पाणी ओतलं. दगड भिजून काळा झाला. मेण लावलेली जागा भिजली नाही, फिकीच राहिली. सगळ्यांनी वाचलं: चोरोल.

"दुःखाने डोकं फिरलंय बाईचं," मेमे हसला.

"आत्ता ठिकाणावर आलंय, मेमे-ले. आधी यायला हवं होतं."

मेमेने घाईघाईने दगड गोळा करायला घेतले. लोकांनी त्याला पोलीस येईपर्यंत हलू दिलं नाही. पण रक्तदाबाच्या गोळ्या सोडलेली म्हातारी आबी झांगमो आपला दगड शालीखाली लपवत होती. "मला जरा बरं वाटतंय गं," ती म्हणाली.

आचे तिच्याजवळ बसली. "आबी-ले, मंत्र म्हणा. मीही म्हणते, तेवढाच धीर येतो. पण गोळी सोडू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर आधी विचारा, कसा केलास?"

तिने शालीखालच्या दगडावर हात ठेवला.

"मी विचारलं नाही."