भिंतीपलीकडे कोण झोपतं

ओरा स्टिडमने झाडूचा लाल रंगवलेला दांडा खांद्याला लावला, कोपर फासळ्यांशी आवळलं आणि गुरांच्या खाद्याच्या पोत्यांमधल्या बोळातून ती चालू लागली. बोळाच्या टोकाला दुकानदार हॉबर्टने मोडक्या घराच्या दाराची एक चौकट उभी करून ठेवली होती. ओरा चौकटीशी वळली आणि दांड्याचं टोक लाकडावर आपटलं. ठक्क.

"चौकट गेली बिचारी," शेगडीजवळून टायव्हिस म्हणाला. तो कोलाच्या बाटलीत शेंगदाणे टाकून पीत बसला होता. "चोर मात्र अजून सोफ्यावर पाय पसरून बसलाय, ओरामावशी."

"तुझ्यासारखाच असेल. कामाचा ना धामाचा."

हॉबर्टच्या दुकानात अर्धं खाद्य, अर्ध्या बंदुका. पण घराच्या राखणीसाठी रायफल मागायला आलेल्या माणसाच्या हाती तो आधी लोखंड देत नसे, लाकूड देई. लाल दांडा म्हणजे वीस इंच नळीची रायफल, दस्त्यासकट तेवढीच लांब. निळा म्हणजे सोळा इंचांची. दांडा घेऊन जो दारातून नीट वळेल, त्याच्याशी पुढचं बोलणं.

ग्लेना काउंटरला टेकून उभी होती. आईचा दांडा आपटला तेव्हा तिला जरा बरंच वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून मग वाईट वाटलं. गुरुवारी तिनेच शहरातून, लेक्सिंग्टनहून, हॉबर्टला फोन केला होता. खोऱ्यात वरच्या अंगाला चोरांनी दोन घरं फोडली होती, बाबा जाऊन चार वर्षं झाली होती, आणि तिच्याकडे आईसाठी खोली रंगवून तयार होती. आई काही ऐकत नव्हती. शेवटी ठरलं ते असं, की हॉबर्ट म्हणाला जमतं तर ओरा घरीच राहील. तो नाही म्हणाला तर सामान बांधेल. "तुझा शब्द ती मोडायची नाही," ग्लेना फोनवर म्हणाली होती. "जमायचं नाही, एवढंच सांग तिला." हॉबर्ट त्यावर नुसता खाकरला होता.

आताही तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता. त्याने निळा दांडा पुढे केला.

"हा घ्या, मावशी."

"अजून आखूड नाही का मिळत?" टायव्हिसने विचारलं. "हातभर असावी. कशी खेळण्यासारखी फिरेल."

"सोळाच्या खाली गेलं की परवान्यासाठी वॉशिंग्टनचे सरकारी कागद रंगवावे लागतात," हॉबर्ट म्हणाला. "शिवाय नळी जितकी आखूड तितका कानठळ्या बसवणारा आवाज. चोर पळाला की नाही, हे मावशींना पुढचे तीन दिवस ऐकू यायचं नाही."

निळा दांडा घेऊन ओरा पुन्हा निघाली. चौकटीशी तिने टोक जरा खाली झुकवलं, खांदा आत घातला, पाय उचलला, आणि रजईतून सुई निघावी तशी अलगद पलीकडे निघाली. तिथून परत. मग उगाचच आणखी एकदा.

हॉबर्टने ग्लेनाकडे पाहिलं आणि दोन्ही हात पसरले. मी काय करू, असं.

"चालणं निराळं, नेम निराळा," ग्लेना म्हणाली.

"असं?" ओराने दांडा खाली टेकवला. "नाताळातल्या नेमबाजीत बक्षिसाचं हॅम कोणी जिंकलं होतं गं? तुझा नवरा चौथा आला होता. चौघांत."

टायव्हिसला ठसका लागला. शेंगदाणा वर आला.

हॉबर्टने खाद्याच्या पोत्याचा एक तपकिरी कागद फाडून काउंटरवर सपाट केला. "आता गोळीचं. घर काढा, मावशी. कुठल्या भिंतीमागे कोण झोपतं, तिथे फुली मारा. मगच मी गोळी सांगतो."

ओराने पेन्सिल ओठांवर ओली केली आणि घर काढलं. मधला बोळ, तिच्या हिशोबाने बारा हात लांब. या टोकाला तिची खोली, त्या टोकाला स्वयंपाकघर, मागचं दार. मग बोळाच्या डाव्या भिंतीमागे तिने एक छोटी खाट काढली, खाटेवर उशी, आणि उशीवर फुली.

"इथे कोण?" हॉबर्टने विचारलं.

"ग्लेना."

टायव्हिस हसला. "मावशी, ती लेक्सिंग्टनला झोपते. एकोणीस वर्षं झाली."

"ते तिचं तिथलं. हे तिचं इथलं." ओराने मान वर केली नाही. "दर सोमवारी चादर बदलते मी. या भिंतीच्या पलीकडे जाता कामा नये, हॉबर्ट. बाकी मला काही कळत नाही."

हॉबर्टने टोपी मागे सारली आणि गोळ्यांची एक डबी पुढे ठेवली.

"खरं सांगतो. तुमची भिंत म्हणजे दोन पुठ्ठे आणि मधे वारा. तिथे हमखास थांबेल अशी गोळी कोणी बनवलेली नाही. ही हलकी, मऊ टोकाची आहे, ती आत शिरताना फुटते, पुढचा दम कमी राहतो. पण कमी म्हणजे नाहीच, असं नव्हे. तेव्हा उभं कुठे राहायचं, ते आधी ठरवा."

ओराने कागदावर बोट ठेवलं. आपल्या खोलीचं दार. बोट तिथून तिने सरळ बोळातून मागच्या दारापर्यंत नेलं, आणि त्यापुढे कागदाच्या काठाबाहेर, जिथे नुसता डोंगर होता.

"मग मी इथे राहीन उभी. तोंड मागच्या दाराकडे. गोळी गेली तर डोंगरात. आणि ही," तिने फुलीवर टिचकी मारली, "कडेला. माझ्या रेषेत नाही यायची."

ग्लेना कागदाकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत ती यायची ती सकाळी, आणि संध्याकाळी परत जायची. लांबचा रस्ता, नवऱ्याची कामाची पाळी, मुलांची शाळा. त्या खोलीचं दार शेवटचं कधी उघडलं, ते तिला आठवेना.

तिने आईच्या हातातून पेन्सिल घेतली.

"उशी या बाजूला नव्हती, आई. खिडकीकडे होती." अंगठ्याने तिने फुली पुसली. कागदावर काळा डाग उठला. खाटेच्या दुसऱ्या टोकाला तिने नवी उशी काढली, नवी फुली मारली, आणि आईने दाखवलेल्या रेषेपासून ती किती लांब पडते ते नखाने मोजून पाहिलं.

"हलकीच दे, हॉबर्ट," ती म्हणाली. "आणि निळ्या दांड्याची रायफल."

"म्हणजे मी जमतं म्हणू?"

"मला काय विचारतोस? दुकान तुझं."

हॉबर्ट घाईघाईने मागच्या कपाटाकडे वळला.

"शुक्रवारी येते मी," ग्लेना आईला म्हणाली. "रविवारी जाईन."

ओराने कागदाची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली.

"ये. पण अंधार पडल्यावर येणार असशील तर अंगणातूनच हाक मार हो. मोठ्याने. या खोऱ्यात हाक मारल्याशिवाय पायरी चढत नाहीत, विसरली असशील."

"नाही विसरले."

"मार बघू."

"इथे?"

"इथेच."

ग्लेनाने दुकानभर पाहिलं. मग दोन्ही तळवे तोंडाशी धरून तिने अशी हाक दिली, की पोत्यांमागचं मांजर उडून पळालं आणि रस्त्यापलीकडे कोणाचा तरी कुत्रा भुंकू लागला.

ओराने मान तिरकी करून ऐकलं.

"थोडी अजून वरच्या पट्टीत," ती म्हणाली. "आता ऐकू जरा कमी येतं मला."